कॅसलरॉकच्या रानातला राजदूत

लोंढ्याहून गोव्याकडे निघालेली गाडी कॅसलरॉकला थांबते, आणि तिला थांबावंच लागतं. इथून पुढे ब्रागांझा घाट सुरू होतो. सदतिसाला एक असा तीव्र उतार, एकामागून एक बोगदे, वाटेत दूधसागरचा तीनशे मीटरहून उंच प्रपात आणि खाली कुळें. मालगाडी घाट चढून वर यायची तर मागून रेटायला बँकर इंजिनं लागतात, आणि उतरायची तर आधी ब्रेक तपासून घ्यावे लागतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं हे एवढंसं गाव. मराठी, कोकणी आणि कन्नड तिन्ही भाषा इथे कानावर पडतात आणि चहूबाजूंनी काळी नदीच्या खोऱ्यातलं दाट रान आहे.

या गावाचं नशीब मात्र फार लांबच्या शहरांत ठरत गेलं. लिस्बन, लंडन, दिल्ली, वॉशिंग्टन अशा राजधान्यांतल्या मुत्सद्द्यांनी केलेल्या करारांचे आणि पाठवलेल्या तारांचे परिणाम कॅसलरॉकच्या फलाटावर उमटले. त्या मुत्सद्द्यांपैकी कुणी हे स्थानक पाहिलं असेल असं वाटत नाही. या रानात वर्षानुवर्षं राहिलेला एक माणूस मात्र पुढे खरोखरीचा राजदूत झाला, आणि त्याची गोष्ट इतरांच्या शेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही.

सुरुवात होते २६ डिसेंबर १८७८ला. त्या दिवशी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्याविषयी करार झाला. ब्रिटनच्या वतीनं सही करणारा रॉबर्ट मोरियर हा मुरलेला मुत्सद्दी होता. पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्वू होते. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकातीची भिंत पाडायची, गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचा ताबा राहील, त्याबदल्यात पोर्तुगालला वर्षाला चार लाख रुपये मिळतील, आणि मुरगावच्या बंदरापासून सह्याद्री चढून ब्रिटिश मुलखापर्यंत रेल्वे न्यायची, असा तो सौदा. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कापसाला जवळचं बंदर मिळावं, ही त्यामागची मोठी आशा होती.

मोरियरला हा करार म्हणजे आपल्या हुशारीचा नमुना वाटत असला तर त्यात नवल नाही. पण गोव्यातल्या मिठागरांवर राबणाऱ्या माणसांना विचारून तो झाला नव्हता. मिठावर इंग्रजी अबकारी अंमल बसला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. गोव्यात याविरुद्ध मोठा असंतोष होता. बारा वर्षांची मुदत संपली तेव्हा, १८९२ मध्ये, करार पुन्हा केला गेला नाही.

रेल्वे मात्र राहिली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या नावाची मीटरगेज लाइन १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकला पोचली आणि सदर्न मराठा रेल्वेच्या हुबळीकडून आलेल्या लाइनला मिळाली. मुरगाव ते कॅसलरॉक सुमारे ८२ किलोमीटर. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला दख्खनचं पठार. करार गेला, जकात परत आली आणि दोन साम्राज्यांच्या सांध्यावर असलेलं हे स्थानक सरहद्दीचं नाकं होऊन बसलं.

पोटासाठी मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांच्या कित्येक पिढ्यांना कॅसलरॉक ठाऊक होतं ते या नाक्यामुळे. मुंबईहून पुण्याला यायचं, तिथे गाडी बदलून मीटरगेज धरायची, मिरज, बेळगाव, लोंढा करत इथे पोचायचं. वर इंग्रजांचे कस्टमवाले, खाली कुळेंला पोर्तुगीजांचे. मे महिन्यात सुट्टीला, डिसेंबरात नाताळला, गणपतीला गावी निघालेल्या बायामाणसांच्या ट्रंका, वळकट्या, बोचकी दोन्हीकडे सोडायची आणि पुन्हा बांधायची. घर जवळ आलं या आनंदात निघालेल्या माणसाला आपण परक्या राज्यात शिरतो आहोत याची आठवण दोनदा करून दिली जाई.

याच रुळांवरून सप्टेंबर १९४६ च्या अखेरीस डॉ. राममनोहर लोहिया दुसऱ्यांदा गोव्याकडे निघाले. १८ जूनला मडगावात त्यांनी सभाबंदी मोडली होती आणि परत येण्याचा शब्द दिला होता. कुळें स्थानकावरच पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना पकडलं, आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं आणि मग सीमेबाहेर आणून सोडलं.

१५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही अनेक वाटांनी गोव्यात शिरले. पत्रादेवी, बांदा ही नावं महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत, पण कॅसलरॉकच्या रुळांची वाटही त्यात होती. निःशस्त्र माणसांवर त्या दिवशी गोळ्या चालल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही कामी आले. भारतानं १ सप्टेंबरपासून पणजीतला आपला वाणिज्य दूतावास बंद केला. सीमा बंद झाली, रेल्वेही थांबली. मुंबईला नोकरी करणारा मुलगा आणि गोव्यात राहणारी आई यांच्यामध्ये आता घाट उतरणारी गाडी नव्हती.

ही कोंडी सुरू असतानाच २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या रानातून एक आवाज उमटला. गोव्याच्या मुक्तीचा हा आवाज कोकणीत होता आणि पोर्तुगीजमध्येही. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि ‘व्होझ द लिबर्दाद’ अशी त्याची दोन नावं. तो चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्यासोबत होते. काही महिन्यांनी हे केंद्र आंबोलीहून हलवून कॅसलरॉकच्या रानात आणलं. गोव्याचं ठाणं इथून हाकेच्या अंतरावर आणि भोवती झाडी इतकी दाट, की यंत्र कुठे लपलंय याचा पत्ता लागू नये.

गोव्यात त्या वेळी वर्तमानपत्रांवर कडक सेन्सॉर होता. सरकारी एमिसोरा द गोवा हे नभोवाणी केंद्र पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीची बाजू सांगे. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच समुद्रापारचा प्रांत आहे, हे रोज ऐकवलं जाई. त्या प्रत्येक दाव्याला उत्तर द्यायचं, भारताच्या संसदेत काय बोललं गेलं ते सांगायचं, तुरुंगातल्या माणसांची नावं लोकांपर्यंत पोचवायची, आणि पोर्तुगीज शिपायाला त्याच्याच भाषेत सांगायचं की तुझं सरकार तुला खरं सांगत नाही, हे काम कॅसलरॉकहून रोज चाले. गोव्यातली माणसं दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ते ऐकत.

या रानातला पावसाळा कसा असतो हे जोयडा तालुक्यात एक जुलै काढलेल्या माणसाला विचारावं. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, पायाला जळवा लागतात. यंत्राला ओल चालत नाही आणि ओलीशिवाय दुसरं काही नाही. तिथे लिबिया आणि वामन यांनी घरदार, नोकरी, ओळखीची माणसं सोडून सहा पावसाळे घालवले. दोघंही तिशीतली शिकलीसवरलेली माणसं. लिबिया मुंबईत वाढलेल्या. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचून उलगडण्याचं काम त्यांनी केलं होतं. आपली माहिती शत्रूपर्यंत कशी पोचते आणि कशी पोचू द्यायची नाही, हे शिक्षण इथे कामी आलं असणार.

गंमत अशी की ज्या आठवड्यात हा आवाज सुरू झाला, त्याच सुमारास गोव्याचा प्रश्न अमेरिकेच्या मेजावर येऊन पडला. सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी गोव्याविषयी उघडपणे भारताची बाजू घेतली. २ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा यांच्यासह संयुक्त निवेदन काढलं, आणि त्यात पूर्वेकडच्या या मुलखांचा उल्लेख पोर्तुगालचे प्रांत असा केला. भारतभर संताप उसळला. दिल्लीतले अमेरिकी राजदूत जॉन शर्मन कूपर यांच्या वाट्याला तो निस्तरण्याचं काम आलं. अमेरिकेला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचा लष्करी तळ हवा होता आणि ती बेटं पोर्तुगालची होती. गोव्यातल्या माणसाच्या स्वातंत्र्यापेक्षा तो तळ वॉशिंग्टनला जड वाटत होता, हे पुढची सहा वर्षं पुन्हा पुन्हा दिसलं.

१९६१ मध्ये या प्रश्नाशी ज्यांचा थेट संबंध आला ते दोन अमेरिकी राजदूत एकाच साली, १९०८ मध्ये जन्मलेले. बाकी दोघांत साम्य थोडं. लिस्बनला होते चार्ल्स बर्क एल्ब्रिक, केंटकीतल्या लुइव्हिलचे. १९३१ पासून परराष्ट्र सेवेत, पायरी पायरीनं वर चढलेले. १९३९ मध्ये जर्मनांनी पोलंडवर हल्ला केला तेव्हा ते वॉर्सात होते. वॉशिंग्टनमध्ये युरोपीय विभागाचे सहायक परराष्ट्रमंत्री होऊन १९५९ मध्ये ते पोर्तुगालला राजदूत म्हणून आले. दिल्लीला होते जॉन केनेथ गॅलब्रेथ, हार्वर्डचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मूळचे कॅनडातल्या ओंटारियोच्या शेतकरी घरातले, साडेसहा फुटांहून उंच. अध्यक्ष केनेडींचे मित्र म्हणून त्यांची नेमणूक झालेली. परराष्ट्र खात्याच्या शिस्तीपेक्षा थेट अध्यक्षांना पत्र लिहिण्यावर त्यांचा भरवसा अधिक.

एल्ब्रिक यांना सालाझार काय चीज आहे हे कळून चुकलं होतं. फेब्रुवारी १९६१ मध्ये अंगोला या पोर्तुगीज वसाहतीत उठाव झाला. ७ मार्चला एल्ब्रिक सालाझारना भेटले आणि केनेडी सरकारचा निरोप त्यांनी सांगितला. वसाहतींना स्वयंनिर्णयाची वाट मोकळी करा, नाहीतर संयुक्त राष्ट्रांत अमेरिका तुमच्या पाठीशी उभी राहणार नाही, असा त्याचा आशय. सालाझार तसूभर हलले नाहीत. आठवड्याभरातच, १५ मार्चला, अमेरिकेनं सुरक्षा परिषदेत अंगोलाच्या प्रश्नावर खरोखरच पोर्तुगालविरुद्ध मत दिलं. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यु मोनिझ यांनी सालाझारना हटवण्याचा बेत केला तो फसला. अमेरिकी राजदूताचा त्यात हात असल्याचा संशय लिस्बनमध्ये पुष्कळ दिवस रेंगाळला. थोडक्यात, समजावून सांगण्याचे जेवढे मार्ग होते तेवढे वर्षाच्या पूर्वार्धातच संपले होते.

नोव्हेंबरात कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार केला. त्यानंतर आठवड्याभरात एक मच्छीमार मारला गेला. बेळगाव, लोंढा, अनमोड या पट्ट्यात फौज गोळा होऊ लागली. कॅसलरॉकच्या लोकांना युद्ध जवळ आल्याचं दिल्लीच्या वर्तमानपत्रांआधी कळलं असणार, कारण फौज त्यांच्याच वाटांवरून येत होती.

गॅलब्रेथ यांचा डिसेंबर धावपळीत गेला. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता ही कालबाह्य गोष्ट आहे असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि अमेरिकेनं सालाझारची पाठराखण करू नये असं ते आपल्या सरकारला कळवत राहिले. त्याचबरोबर नेहरूंनी बळ वापरू नये यासाठीही ते झटले. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या नेत्याची प्रतिमा यात डागाळेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते नेहरूंना पुन्हा पुन्हा भेटले. १७ डिसेंबर, रविवार. शेवटचा प्रस्ताव असा होता की भारतानं सहा महिने थांबावं, तेवढ्यात अमेरिका पोर्तुगालवर दबाव आणील. नेहरूंचं उत्तर होतं की आता उशीर झाला आहे. त्या रात्री फौज सरहद्द ओलांडायला निघाली.

सहा महिने थांबून काय मिळालं असतं? गॅलब्रेथ यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचं कारण नाही, पण हा प्रस्ताव पोकळ होता. त्याचा पुरावा एल्ब्रिक यांच्या मार्चमधल्या भेटीत आहे, आणि त्याहून मोठा पुरावा १४ डिसेंबरला सालाझारनी गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्व्हा यांना धाडलेल्या संदेशात. शरणागती चालणार नाही, सैनिकांनी एकतर जिंकावं नाहीतर मरावं, असा तो हुकूम. आपल्याच माणसांना मरायला सांगणारा हुकूमशहा सहा महिन्यांत मवाळ होईल, ही अपेक्षा ज्यांना गोव्यात राहायचं नव्हतं त्यांनाच करता येण्यासारखी होती.

मेजर जनरल कँडेथ यांच्या १७व्या डिव्हिजननं मोहीम चालवली. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड आणि पूर्वेकडून, म्हणजे कॅसलरॉकच्या अगदी शेजारच्या अनमोड घाटातून, ६३वी ब्रिगेड मोले-फोंड्याकडे उतरली. शरण या, रक्तपात टाळा, असा निरोप गव्हर्नरला आणि त्याच्या शिपायांना देण्याचं काम रानातल्या त्या नभोवाणी केंद्राकडे आलं. १८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. शस्त्रसंधी आणि माघारीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारानं पडला. तोवर इकडे निकाल जवळजवळ लागला होता. १९ डिसेंबरला व्हासालू ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. मरण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, त्यामुळे शेकडो माणसं जगली. त्यासाठी सालाझारनी त्यांना सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगालमधल्या १९७४च्या क्रांतीनंतरच त्यांना मान परत मिळाला.

१९ डिसेंबरलाच लिबिया आणि वामन हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर फिरले. ध्वनिक्षेपकावरून कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये त्यांनी गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं आणि वरून पत्रकं टाकली. सहा वर्षं ज्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता त्यांचा आवाज लोकांनी लगेच ओळखला असेल.

पुढे या माणसांचं काय झालं, हेही सांगण्याजोगं आहे. गॅलब्रेथ १९६३ मध्ये हार्वर्डला परतले, दिल्लीतली त्यांची रोजनिशी १९६९ मध्ये पुस्तकरूपानं आली. २००१ मध्ये भारतानं त्यांना पद्मविभूषण दिलं आणि २००६ मध्ये ते वारले. भारताविषयीची त्यांची आस्था खरी होती.

एल्ब्रिक यांची कारकीर्द मात्र विलक्षण वळणांची. लिस्बननंतर ते युगोस्लाव्हियाला गेले, टिटोंच्या राजवटीत पाच वर्षं राहिले. १९६९ मध्ये ब्राझीलला नेमणूक झाली. ४ सप्टेंबर १९६९ ला रिओ द जानेरोत लष्करी हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी त्यांची गाडी अडवून त्यांना पळवून नेलं. मागण्या दोन होत्या. पंधरा राजकीय कैद्यांना सोडून परदेशी पाठवायचं, आणि तरुणांचा जाहीरनामा वर्तमानपत्रांत छापून नभोवाणीवर वाचून दाखवायचा. सरकारनं दोन्ही मानल्या. कैद्यांना घेऊन विमान मेक्सिकोला गेलं आणि ७ सप्टेंबरला एल्ब्रिक सुटले. पळवणाऱ्यांपैकी फेर्नांदु गाबैरा यांच्या पुस्तकावरून १९९७ मध्ये चित्रपट निघाला, त्यात अॅलन आर्किननं राजदूताची भूमिका केली. एल्ब्रिक तो पाहायला नव्हते, १९८३ मध्येच ते वॉशिंग्टनला निवर्तले होते. सेन्सॉरखाली दबलेल्या माणसाला नभोवाणीवरची काही मिनिटं किती मोलाची वाटतात, हे त्यांनी स्वतःच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगात पाहिलं.

आणि वामन सरदेसाई? ते भारताचे अंगोलातले राजदूत झाले. ज्या अंगोलातल्या उठावासाठी एल्ब्रिक सालाझारची समजूत घालायला गेले होते, तोच हा देश. ११ नोव्हेंबर १९७५ ला तो स्वतंत्र झाला. पोर्तुगालनं गोव्यावरचा हक्क ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं सोडला होता, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटले ते लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळल्यावरच. अंगोलाची राजभाषा पोर्तुगीज. कॅसलरॉकच्या रानातून ज्या भाषेत सरदेसाईंनी एका साम्राज्याला आव्हान दिलं, त्याच भाषेत त्यांनी स्वतंत्र अंगोलाशी भारताचं नातं सांभाळलं. मोरियर, डलेस, गॅलब्रेथ, एल्ब्रिक यांच्यापाशी सत्ता होती, पदं होती, तारायंत्रं होती. सरदेसाईंपाशी एक प्रक्षेपक होता आणि ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्याशीच बोलण्याची समज होती. गोव्याच्या प्रश्नावरचा सर्वांत चांगला राजदूत कोण, असं विचारलं तर उत्तर कॅसलरॉकच्या बाजूनंच द्यावं लागेल. आणि ते उत्तर एकट्या सरदेसाईंचं नाही. लिबियांशी त्यांचं पुढे लग्न झालं. लिबिया गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या आणि वयाची शंभरी गाठल्यावर, २०२५ मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कॅसलरॉकला आता पर्यटक येतात ते दूधसागरसाठी. मीटरगेज जाऊन नव्वदीच्या दशकात ब्रॉडगेज आली, कस्टमची झडती इतिहासजमा झाली. लोंढा, अनमोड, जोयडा, मोले या भागांतल्या घरांत मात्र अजून अशी म्हातारी माणसं असतील, ज्यांनी लहानपणी हे नाकं पाहिलं, सत्याग्रहींना पाणी दिलं, रानातल्या त्या प्रक्षेपणाविषयी दबक्या आवाजात ऐकलं. ती सांगतात तोवर त्यांच्या आठवणी कुणीतरी बसून लिहून घ्याव्यात. बेळगाव, कारवार आणि पणजीच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या मुलांना यापेक्षा जवळचं आणि तातडीचं काम दुसरं मिळणार नाही.